गोल मारणाऱ्याने कोच व्हायचं तर सुरुवात गोलकीपरपासून

वणी तालुक्यातल्या एका सेंटर फॉरवर्डने विचारलंय. वय सव्वीस. आसपासच्या टुर्नामेंटांमध्ये गोल मारण्यात याचं नाव पहिलं. मागच्या पावसाळ्यात वळताना गुडघा फिरला आणि एमआरआयमध्ये एसीएल, म्हणजे गुडघ्याच्या आतला मुख्य लिगामेंट, पूर्ण फाटलेला निघाला. आता गावातले पोट्टे ‘दादा, तुम्हीच शिकवा’ म्हणून मागे लागलेत. त्याचे प्रश्न दोन. चांगला स्ट्रायकर चांगला कोच होत नाही म्हणतात, ते खरं आहे का? आणि इंग्लंडचा ब्रायन क्लफ गुडघा गेल्यावर एवढा मोठा कोच झाला, तो नेमका कसा झाला?

या भागातल्या शाळांच्या मुलामुलींना फुटबॉल शिकवण्यात माझी उमर गेली आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

गुडघ्याचं आधी सांगतो. आपली मैदानं काळ्या मातीची. पावसाळ्यात बुटाला चिखलाचा गोळा लागतो, पाय जमिनीत रुतून बसतो आणि वरचं अंग वळतं. एसीएल बहुतेक वेळा असाच जातो, कोणी न धडकता. त्यावर हाडवैद्याची मालिश करून घेऊ नकोस. फाटलेला लिगामेंट चोळून जुळत नाही. हाडांच्या डॉक्टरांना विचार, शस्त्रक्रिया करायची की व्यायामावर भागवायचं ते त्यांना ठरवू दे. शस्त्रक्रिया केलीस तर मॅच खेळायला किमान नऊ महिने तरी लागतात, आणि तेही फिजिओथेरपी नेटाने केली तर. सूज उतरली म्हणून रविवारच्या मॅचमध्ये उतरणारे पोट्टे मी पाहिलेत. लिगामेंटसोबत त्यांनी गुडघ्यातली गादीही घालवली.

आता क्लफ. २६ डिसेंबर १९६२, संडरलँडचं रोकर पार्क मैदान, समोर बरीचा संघ, थंडीने कडक झालेली जमीन. पुढे टाकलेल्या चेंडूवर तो धावला, समोरून गोलकीपर आला, धडक झाली आणि गुडघ्याचे लिगामेंट फाटले. तेव्हा तो सत्तावीस वर्षांचा होता, म्हणजे तुझ्याच वयाचा. आज सर्रास होते तशी शस्त्रक्रिया त्या काळी नव्हती. १९६४ मध्ये तो परत आला, तीन सामने खेळला, एक गोल मारला आणि थांबला. तोवर लीगच्या २७४ सामन्यांत त्याचे २५१ गोल झाले होते. मिडल्सब्रोकडून २१३ सामन्यांत १९७, संडरलँडकडून ६१ सामन्यांत ५४. त्यातला जवळजवळ प्रत्येक गोल दुसऱ्या डिव्हिजनमधला, म्हणजे वरून दुसऱ्या पायरीवरचा, आणि इंग्लंडच्या राष्ट्रीय संघाकडून त्याला सामने मिळाले फक्त दोन. मला हे महत्त्वाचं वाटतं. सगळं जग ओळखतं असा तारा तो नव्हता. खालच्या पातळीवर धो-धो गोल मारणारा माणूस होता, आणि तालुक्याच्या खेळाडूने त्याच्याकडून शिकावं असं बरंच आहे.

गुडघा गेल्यावर संडरलँडने त्याला तरुण पोरांच्या संघावर लावलं. ऑक्टोबर १९६५ मध्ये, वयाच्या तिसाव्या वर्षी, तो हार्टलपूल्सचा मॅनेजर, म्हणजे मुख्य कोच, झाला. चौथी डिव्हिजन, सगळ्यांत खालची, आणि क्लबकडे पैशाची कायम ओढाताण. त्याने संघाची बस चालवायचं लायसन्स स्वतः काढलं आणि गावात फिरून क्लबसाठी पैसे गोळा केले. आपल्याकडे टुर्नामेंटला जायचं म्हटलं की काळी-पिवळीचं भाडं कोण देणार इथून सुरुवात होते. क्लफची सुरुवातही तिथूनच झाली.

तिथून १९६७ मध्ये डर्बी काउंटी. पहिल्या वर्षी दुसऱ्या डिव्हिजनमध्ये अठरावा नंबर, म्हणजे लोकांनी तोंड भरून शिव्या द्याव्यात असा. पुढच्या वर्षी तीच डिव्हिजन जिंकली आणि १९७२ मध्ये डर्बी इंग्लंडचा विजेता. जानेवारी १९७५ मध्ये तो नॉटिंगहॅम फॉरेस्टला आला, तोही दुसऱ्या डिव्हिजनमध्ये अडकलेला क्लब. १९७७ ला वर चढले, १९७८ ला लीग जिंकली, १९७९ ला युरोपियन कप, म्हणजे देशोदेशींच्या विजेत्या क्लबांची स्पर्धा, १९८० ला पुन्हा युरोपियन कप. देशाची लीग एकदाच आणि युरोपचा कप दोनदा जिंकलेला फॉरेस्टसारखा दुसरा क्लब नाही.

तुझ्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर इथेच सापडतं. एवढे गोल मारणाऱ्या माणसाने हे संघ उभे केले ते कशावर? लोकांना वाटतं आक्रमणावर. १९७७-७८ च्या लीगमध्ये फॉरेस्टने ४२ सामन्यांत खाल्लेले गोल फक्त २४. नोव्हेंबर १९७७ पासून पुढच्या डिसेंबरपर्यंत लीगचे सलग ४२ सामने हा संघ हरला नाही. युरोपियन कपच्या दोन्ही फायनल १-० ने जिंकल्या, एक म्युनिकमध्ये माल्मोविरुद्ध, दुसरी माद्रिदमध्ये हँबुर्गविरुद्ध. दोन्ही वेळा एक गोल मारला आणि नंतर तो राखला.

माझ्या मते याचं मूळ त्याच्या खेळाडूपणात आहे. ऑक्टोबर १९६० मध्ये मिडल्सब्रो चार्ल्टनच्या मैदानावर खेळत होतं. क्लफने हॅटट्रिक मारली. मॅच सुटली ६-६. सहा गोल मारूनही संघ जिंकला नाही. एक गोल किती घामाने निघतो हे स्ट्रायकरइतकं कोणाला कळत नाही, आणि तो मागच्या चुकीने वाया गेला की सगळ्यांत जास्त त्यालाच लागतं. हे लागलेलं ज्याला कोच झाल्यावरही आठवतं तो आधी मागची बाजू बांधतो.

म्हणून डर्बीत १९६८ मध्ये त्याने डेव्ह मॅकेला आणलं. टॉटनहॅमचा मिडफिल्डर, वय तेहेतीस, सगळे म्हणत होते आता संपला. क्लफने त्याला मागे उभं केलं, सगळ्यांना ओरडून जागेवर ठेवायला. १९६९ मध्ये पत्रकारांनी वर्षाचा खेळाडू म्हणून दोघांना मिळून निवडलं, त्यात मॅके होता. फॉरेस्टमध्ये केनी बर्न्सचं असंच. तो बर्मिंगहॅमकडून पुढे खेळून गोल मारत होता. १९७७ मध्ये त्याला घेतलं आणि सेंटर बॅक केलं. एका स्ट्रायकरने दुसऱ्या गोल मारणाऱ्याला मागे नेलं! पहिल्याच मोसमात बर्न्स वर्षाचा खेळाडू ठरला. आणि त्याच वर्षी स्टोककडून सुमारे अडीच लाख पौंड मोजून पीटर शिल्टनला आणलं. त्या काळी गोलकीपरसाठी ही रक्कम लोकांना वेडेपणा वाटली होती.

आपल्या गावात गोलकीपर कोण होतो? जो पळत नाही तो, नाहीतर सगळ्यांत लहान. ‘तू गोलात उभा राहा’ ही आपल्याकडे शिक्षा आहे. तू शिकवायला लागलास की पहिल्याच आठवड्यात हे मोडून काढ. सगळ्या पोट्ट्यांना हातांनी चेंडू खेळायला लाव, उंच फेक, जमिनीलगत फेक, आणि बघ कोणाचे डोळे चेंडू अंगावर येताना मिटत नाहीत. तो तुझा गोलकीपर. त्याला शिक्षा वाटू देऊ नकोस. टुर्नामेंटच्या यादीत त्याचं नाव सर्वांत आधी लिही आणि ते सगळ्यांसमोर वाचून दाखव.

उडी मारायची कुठे, हा आपला खरा प्रश्न. मार्चनंतर काळी माती विटेसारखी होते आणि भेगांत पाय जातो. गोलपोस्टसमोरचा तेवढाच तुकडा फावड्याने खणायचा, ढेकळं फोडायची, त्यावर सोयाबीनचं कुटार पसरायचं आणि वरून जुनी पोती शिवून टाकायची. काटे आधी हाताने वेचायचे. गोखरू चपलेतून लागतं, कोपराला काय करेल सांगायला नको. एवढं केलं की पोरगा बिनधास्त आडवा पडतो. १९८० च्या माद्रिदच्या फायनलआधी फॉरेस्टला सरावाला धड हिरवळ मिळाली नाही, तेव्हा शिल्टनने रस्त्यातल्या चौकाच्या गोल बगिच्यात, जिथे गवत होतं तिथे, उड्या मारून सराव केला. युरोपच्या विजेत्यांच्या गोलकीपरने हे केलं, मग आपल्याला पोती अंथरायला कसली लाज?

गोलकीपरनंतर मागचे चार, म्हणजे बचाव करणारे बॅक. तू आयुष्यभर बॅकला चुकवत आलास. तो कुठे फसतो ते तुला पक्कं माहीत आहे, तर तेच त्याला शिकव. बॅक फसतो तो चेंडूकडे बघत राहतो म्हणून. त्याला चेंडू आणि माणूस दोन्ही दिसतील असं आडवं उभं राहायला शिकव. अर्धं मैदान, चार बॅक, सहा फॉरवर्ड, गोल झाला की बॅकांनी एक फेरी मारायची, बॅकांनी चेंडू मध्यरेषेपलीकडे पासने काढला की फॉरवर्डांनी. पासने काढायचा, उंच टोलवून नाही. क्लफचा संघ चेंडू जमिनीवर ठेवून खेळायचा आणि त्याबाबत तो फार कडक होता. आपल्याकडे उंच टोला मारला की बाहेरचे लोक टाळ्या वाजवतात. त्या टाळ्या पोट्ट्यांच्या डोक्यातून काढायला तुला वेळ लागेल, पण काढ.

आता स्ट्रायकर कोच म्हणून का फसतात ते. त्यांच्या पायाला जे येतं ते तोंडाला येत नाही. पोट्टा समोरच्या गोलात चेंडू बाहेर घालवतो आणि कोच ओरडतो, ‘अरे मार ना!’ त्याने मारलाच होता की. त्याला काय कमी पडलं ते सांगायला हवं. तुझ्या जुन्या मॅचचे मोबाइलवरचे व्हिडिओ कोणाकडे असतील तर मागवून घे. गोल बघू नकोस, गोलच्या आधीचे दोन-तीन सेकंद बघ. तू कधी मागे वळून पाहिलंस, कोणत्या क्षणी थांबलास, कोणता पाय आधी टाकलास, हे वहीत लिहून काढ. बहुतेक चांगल्या फॉरवर्डांच्या बाबतीत दिसतं ते असं: विंगवर, म्हणजे मैदानाच्या कडेला, चेंडू असताना तो आधी दूरच्या खांबाकडे दोन पावलं जातो, बॅक त्याच्यासोबत सरकतो, क्रॉस मारणाऱ्याची, म्हणजे कडेवरून गोलसमोर चेंडू टाकणाऱ्याची, मान खाली गेली की बॅकची नजर चेंडूकडे वळते, आणि नेमका तेव्हा हा जवळच्या खांबाकडे निघतो. एवढंच आहे, पण हे कधी निघायचं ते शिकवता येतं. दोन विटांचा गोल, एक बॅक, एक क्रॉस मारणारा. सुरुवातीला चेंडूच नको. नुसतं ‘मान खाली’ असं तू ओरडायचं आणि पोट्ट्याने निघायचं. जमलं की चेंडू आण. मारताना पायाच्या आतल्या बाजूने, जमिनीलगत, दूरच्या कोपऱ्यात. जोर नंतर.

आणि एक, सगळ्यांकडून तुझ्यासारखं खेळून घेऊ नकोस. क्लफचं सगळ्यांत मोठं काम मला जॉन रॉबर्टसनमध्ये दिसतं. तो फॉरेस्टमध्ये आधीपासून होता, जाड, संथ, क्लबने विकायला काढलेला. क्लफने त्याला पळायला नाही लावलं. डावीकडे रेषेजवळ उभं केलं, चेंडू पायात द्या म्हणून बाकीच्यांना सांगितलं, कारण अर्धं पाऊल मिळालं की हा हवा तिथे क्रॉस टाकतो हे त्याने हेरलं होतं. १९७९ च्या फायनलमध्ये ट्रेव्हर फ्रान्सिसने हेडने मारलेला गोल रॉबर्टसनच्या क्रॉसवर होता. १९८० च्या फायनलमधला गोल रॉबर्टसनने स्वतः मारला. गॅरी बर्टल्स गालिचे बसवायचं काम करून छोट्या लीगमध्ये खेळायचा. तिथून आणलेल्या त्या पोराने सप्टेंबर १९७८ मध्ये युरोपच्या विजेत्या लिव्हरपूलविरुद्ध गोल मारला. आपल्याही गावात जिनिंगमध्ये हमाली करणारा, दूध घालणारा असा एखादा असतोच. तो सरावाला उशिरा येतो म्हणून त्याला काढू नकोस, त्याच्या वेळेला सराव ठेव. कापूस वेचणीच्या दिवसांत अर्धे पोट्टे वावरात असतात. तेव्हा पहाटे सहाला अर्धा-पाऊण तास पुरे. क्लफचे सराव तसेही थोडक्यात असायचे, लहान संघ करून खेळवणं जास्त आणि नुसतं पळवणं कमी.

पीटर टेलरशिवाय क्लफची गोष्ट सांगणारे अर्धंच सांगतात. टेलर मिडल्सब्रोचा गोलकीपर होता, तिथेच दोघांची मैत्री झाली. हार्टलपूल्सपासून तो क्लफचा जोडीदार. खेळाडू हेरण्याची नजर बरीचशी त्याची. एक गोल मारणारा, एक गोल अडवणारा! डर्बीनंतर दोघं ब्रायटन क्लबला गेले होते. १९७४ मध्ये क्लफ एकटाच लीड्सला गेला, टेलर ब्रायटनलाच राहिला. क्लफने विजेत्या संघातल्या खेळाडूंचा पहिल्याच दिवसांत अपमान केला, त्याला सावरणारा कोणी नव्हता, आणि ४४ दिवसांत त्याला काढलं. १९७६ मध्ये टेलर फॉरेस्टला आला आणि त्यानंतर चार वर्षांत सगळं मिळालं. पुढे १९८३ मध्ये रॉबर्टसनच्याच ट्रान्सफरवरून दोघांचं बिनसलं. टेलर १९९० मध्ये गेला तोवर ते बोलले नाहीत. हे वाचताना मला अजूनही वाईट वाटतं. तुझ्या गावात एखादा जुना गोलकीपर नाहीतर बॅक असेल, तुझ्याशी भांडू शकणारा. त्याला सोबत घे. तुझ्या ‘हो’ ला ‘हो’ करणारा पाहुणा घेऊ नकोस.

घरचं उदाहरण हवं असेल तर पी. के. बॅनर्जी. जमशेदपूरमध्ये वाढलेला, ईस्टर्न रेल्वेकडून खेळणारा फॉरवर्ड. १९५६ च्या मेलबर्न ऑलिंपिकमध्ये भारत चौथा आला त्या संघात तो होता, १९६० ला रोममध्ये कॅप्टन होता आणि फ्रान्सविरुद्धच्या १-१ बरोबरीत भारताचा गोल त्याचा होता, १९६२ च्या जकार्ता एशियाडच्या फायनलमध्ये दक्षिण कोरियाविरुद्ध त्याने गोल मारला आणि भारताला सुवर्ण मिळालं. कोच म्हणून १९७२ मध्ये ईस्ट बंगालला आला आणि त्या वर्षीची कोलकाता लीग संघाने एकही गोल न खाता जिंकली. पुन्हा तेच बघ, फॉरवर्ड कोच आणि बंद दरवाजा. १९७५ च्या आयएफए शील्ड फायनलमध्ये मोहन बागानला ५-० ने हरवणारा संघही त्याचाच. मॅचआधीच्या त्याच्या बोलण्याला कोलकात्यात ‘व्होकल टॉनिक’ म्हणायचे. तो पोरांच्या मनाला हात घालायचा, प्रत्येकाशी वेगळं बोलायचा. आपल्याकडे मॅचआधीचं बोलणं म्हणजे ‘इज्जतीचा सवाल आहे’ एवढंच असतं. त्याऐवजी प्रत्येक पोट्ट्याला एकच काम सांग, त्याला पेलेल असं.

क्लफची एक सवय मात्र जशीच्या तशी उचल. त्याचे खेळाडू रेफरीशी वाद घालत नसत, तो घालू देत नसे. आपल्या टुर्नामेंटांमध्ये रेफरीला घेराव घालणं हा खेळाचा भाग झालाय, त्यामुळे चांगले रेफरी आपल्या बाजूला यायला तयार नसतात. आणि त्याची एक सवय अजिबात उचलू नकोस. दारूने त्याची शेवटची वर्षं पोखरली. १९९३ मध्ये फॉरेस्ट खाली घसरला तेव्हा तो निवृत्त झाला आणि २००४ मध्ये गेला. टुर्नामेंट जिंकल्यावर आपल्याकडे काय होतं ते तू बघितलं आहेस. कोच त्या बैठकीत दिसला की पोट्ट्यांच्या आया दुसऱ्या दिवशी त्यांना पाठवत नाहीत, आणि बरोबर करतात.

पोरींनाही घे. शालेय स्पर्धांत मुलींचे संघ कमी उतरतात, त्यामुळे त्यांना पुढे जायची संधी लवकर मिळते, आणि माझ्या अनुभवात त्या सांगितलेलं लवकर अंगी आणतात. घरच्यांशी मात्र तू स्वतः जाऊन बोल, आणि एखाद्या शिक्षिकेला नाहीतर कोणाच्या आईला मैदानावर बसव.

कागदपत्रांचं थोडक्यात. महाराष्ट्रातलं फुटबॉल वेस्टर्न इंडिया फुटबॉल असोसिएशनकडे आहे, कोचिंगच्या लायसन्सची पायरी ऑल इंडिया फुटबॉल फेडरेशनची. तुझ्यासाठी डी लायसन्स योग्य, असोसिएशनच्या सूचनांवर लक्ष ठेव. शाळेत नोकरी करायची असेल तर पदवीनंतर बी.पी.एड. लागेल, आणि आपल्या विदर्भात त्यासाठी अमरावतीचं हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ पिढ्यान्‌पिढ्या आहे. सुब्रतो कपच्या जिल्हा स्पर्धा पावसाळ्याच्या तोंडालाच येतात आणि त्यात संघ शाळेच्या नावाने उतरतो. तेव्हा शाळा उघडल्याबरोबर मुख्याध्यापकांना भेट, पण पोट्ट्यांचे जन्मदाखले आणि आधार कार्ड त्याच्या आधीच तपासून घे. दाखल्यावरची तारीख आणि आधारवरची तारीख जुळत नाही म्हणून आपल्याकडचे चांगले संघ ऐन वेळी परत आलेत. ती दुरुस्ती व्हायला महिना सहज लागतो, म्हणून ती एप्रिलमध्येच सुरू कर.